स्वभावाला औषध

'स्वभावाला औषध नाही' ही म्हण आपण फार सढळ हाताने वापरतो. कोणी चिडका निघाला, कोणी कवडीचुंबक, की म्हण फेकायची आणि विषय मिटवायचा. मला ती कधीच पटली नाही; पण तिच्याविरुद्ध साक्षीदार मिळाला तो मात्र अजब. गुरांच्या स्वादुपिंडातले एक प्रथिन!

रायबोन्यूक्लिएज हे त्याचे नाव. 124 अमिनो आम्लांची ही माळ. ती स्वतःभोवती दुमडते, आणि आठ मण्यांतले गंधक जोडीजोडीने चार गाठी बांधते. त्या घडीतच तिचे काम चालते. घडी मोडली की मणी तेच, पण माळ निकामी.

अमेरिकेत ख्रिश्चन अनफिन्सेन यांनी 1960 च्या सुमारास ही माळ यूरियात उलगडली, गाठीही सोडवल्या. मग यूरिया काढून तिला हवेवर ठेवले, तर कोणी न शिकवता ती पूर्ववत दुमडली! पाहा, सारे उपजतच असते, असे म्हणवाले म्हणतील. पण थांबा. पुढे त्यांनी यूरिया तसाच ठेवून गाठी पडू दिल्या. आठांच्या चार जोड्या 105 तऱ्हांनी जुळतात. खरी तऱ्हा एकच. भलत्याच गाठी बसल्या आणि कार्यशक्ती उरली शेकडा एक. नंतर यूरिया काढला, तरी त्या गाठी तशाच.

मी अडखळलो तो इथे. हलाखीत वाढलेला माणूस सुखातही पै-पै दडवतो, तेव्हा आपण म्हणतो, 'आता काय कमी आहे याला?' यूरिया गेला, एवढेच आपल्याला दिसते.

अनफिन्सेननी मग गाठी सैल करणाऱ्या द्रव्याचा किंचित अंश घातला. काही तासांत माळ मूळ घडीवर आली. (1972 च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता तो याच कामासाठी.)

रेणूवरून माणसाचा न्याय करू नये, हे मलाही कळते. उकडलेले अंडे निवले म्हणून पुन्हा पातळ होत नाही. तिथे अनेक माळा एकमेकींत गुंतून बसलेल्या असतात. सगळेच सुटते असा माझा दावा नाही. पण त्या किंचित अंशाचा विचार डोक्यातून जात नाही. बरोबर गाठ कोणती, हे त्या द्रव्याला ठाऊक नसते. ते सगळ्याच सैल करते. कुठली टिकवायची ते माळेचे माळच ठरवते. आम्ही वडीलधारे मात्र मुलाला समोर बसवून गाठ कुठे बांधायची तेच तासभर सांगत असतो.