पट्ठा कोणाचा?

कुस्तीच्या फडात पैलवान एकटा उतरत नाही. निवेदक त्याचं नाव पुकारतो, गाव सांगतो आणि त्याच दमात तिसरी ओळख देतो की हा अमुक वस्तादांचा पट्ठा. जत्रेतली नारळावरची कुस्ती असो की मोठ्या इनामाची, ही रीत चुकत नाही. पोरानं पट काढून समोरच्याला चितपट केलं तर लोकांच्या नजरा वस्तादाकडे वळतात. पोरगं पडलं, तरी नाव त्याच वस्तादाचं राहतं. हलगीच्या साक्षीनं, गावासमोर घेतलेली ही जबाबदारी आहे. मे महिना आला की महाविद्यालयांची आणि तालमींची उन्हाळी शिबिरं सुरू होतात. तेव्हा या जबाबदारीत नेमकं काय काय येतं, हे आपण आष्टी-परतूरकडच्या लोकांनी एकदा नीट विचारलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

2018 च्या डिसेंबरात महाराष्ट्र केसरीची स्पर्धा आपल्या जालन्यात झाली. अंतिम लढतीत बुलढाण्याकडून खेळणाऱ्या बाला रफीक शेखनं आदल्या वर्षीचा विजेता अभिजित कटके याला 11-3 असं हरवलं. रफीक कोल्हापूरच्या न्यू मोतीबाग तालमीत गणपतराव आंदळकरांच्या हाताखाली घडला होता. आंदळकर म्हणजे 1960 चे हिंदकेसरी, 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतले पदकविजेते आणि 1964 ला टोकियो ऑलिम्पिक खेळलेले मल्ल. स्वतःची कुस्ती संपल्यावर हा माणूस वर्षानुवर्षं मोतीबागेच्या हौद्याकाठी उभा राहिला आणि दुसऱ्यांची पोरं घडवत राहिला. दादू चौगुलेंसारखे मल्ल त्या मातीतून वर आले. 16 सप्टेंबर 2018 रोजी आंदळकर गेले. जालन्यात रफीकनं गदा खांद्यावर घेतली, ती त्यानंतर तीन महिन्यांनी. शिकवणाऱ्याच्या कामाचं मोल किती उशिरा हाती येतं, हे आपल्या जिल्ह्यानं असं जवळून पाहिलं आहे.

पण गदा मिळते एकाला. शिबिरात येतात पन्नास-साठ पोरं, आणि त्यातली बहुतेक कधीही केसरी होणार नाहीत. त्यांच्याशी वस्ताद कसा वागतो, यावर माझं सारं लक्ष असतं.

आपल्याकडे कुस्तीला येणारं पोरगं बहुधा कापूस आणि सोयाबीनवर भागवणाऱ्या घरातलं असतं. दूध, तूप, बदाम, अंडी असा खुराक घर पोटाला चिमटा घेऊन पुरवतं. त्यामागे एक आशा असते की आंतरविद्यापीठ स्पर्धेत किंवा राज्य पातळीवर पोरानं काही केलं, तर शासकीय नोकरीतल्या खेळाडूंच्या 5 टक्के आरक्षणातून पोलिसात नाही तर आणखी कुठे लागेल. बाप शिबिराच्या दारात सरांना म्हणतो, “आता तुम्हीच त्याचे मायबाप.” आणि पोराकडे न बघता निघतो, कारण बघितलं तर पाय निघणार नाही. त्या क्षणापासून पोरानं कधी उठायचं, किती जोर-बैठका मारायच्या, काय खायचं, कोणाशी लढायचं, दुखलं तर बसायचं की उभं राहायचं, हे सगळं एका माणसाच्या शब्दावर ठरतं. इतकी सत्ता डॉक्टरकडेही नसते. डॉक्टरला निदान रोगी विचारतो तरी की हे औषध कशासाठी. तालमीत वस्तादाला विचारायची पद्धत नाही. गुरुनिष्ठेचा मला आदर आहे, पण ज्याला कोणी विचारत नाही त्यानं स्वतःला दुप्पट विचारलं पाहिजे.

यातली सगळ्यात नाजूक गोष्ट वजनाची आहे. जत्रेतल्या मातीत जोड नजरेनं लावतात. महाविद्यालयीन स्पर्धेत मॅट आली आणि मॅटबरोबर वजनगट आले. खालच्या गटात उतरलं तर समोरचा हलका मिळेल, या हिशोबानं पोरं चार-पाच किलो उतरवतात. चरबी इतक्या लवकर जात नाही, जातं ते अंगातलं पाणी. मग दोन दिवस पाणी तोडायचं, अंगात प्लास्टिकचा सूट किंवा दोन-दोन स्वेटर घालून पळायचं, थुंकून थुंकून घसा कोरडा करायचा. रक्त दाट होतं, हृदय आणि मूत्रपिंडावर ताण येतो, घाम येणं थांबलं की अंगाचा ताप आवरत नाही.

1997 च्या नोव्हेंबर-डिसेंबरात अमेरिकेत जेमतेम पाच आठवड्यांत तीन महाविद्यालयीन मल्ल असं वजन उतरवताना मरण पावले. वयं होती 19, 21 आणि 22. तिघंही वेगवेगळ्या विद्यापीठांचे. त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेनं रबरी सूट आणि तापवलेल्या खोल्यांवर बंदी घातली, वजन घेण्याची वेळ लढतीच्या जवळ आणली. नियम आले, पण तीन पोरं गेल्यावर. त्या पोरांना तापवलेली खोली मुद्दाम शोधावी लागत होती. आपल्याकडे मे महिन्यात पारा 42 च्या आसपास असतो आणि पत्र्याखालची तालीम आपोआप तीच खोली होते. म्हणून उन्हाळी शिबिरात वजन उतरवायला लावणं, मग ते कितीही जिद्दीच्या नावाखाली असो, मला सरळ सरळ गुन्ह्यासारखं वाटतं.

2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये विनेश फोगाट 50 किलो गटाच्या अंतिम फेरीच्या सकाळी जेमतेम 100 ग्रॅमनं जास्त भरली आणि बाद झाली. आदली सगळी रात्र तिनं आणि तिच्या पथकानं वजन उतरवण्यात घालवली होती, नंतर तिला दवाखान्यात दाखल करावं लागलं. दोनच दिवसांनी अमन सेहरावतनं एका रात्रीत 4.6 किलो कमी करून कांस्यपदक जिंकलं आणि त्याच्या प्रशिक्षकांनी कशी रात्र जागवली याचं देशभर कौतुक झालं. त्या मंडळींची धडपड खरी होती, आणि पदकही मोलाचं आहे. तरी ती बातमी वाचणाऱ्या गावोगावच्या सतरा-अठरा वर्षांच्या पोरांनी त्यातून काय उचललं असेल, या विचारानं माझा जीव घाबरा होतो. तिथे डॉक्टर होता, आहारतज्ज्ञ होता. आपल्या शिबिरात बहुतेकदा फक्त सर असतात. आणि सरांना ‘तू वरच्या गटात खेळ, हरलास तरी चालेल’ असं म्हणता आलं पाहिजे. हे म्हणणं सोपं नाही. महाविद्यालयाला पदक हवं असतं, घराला नोकरी हवी असते आणि पोराला स्वतःला तर सगळ्यांपेक्षा जास्त घाई असते. तिघांच्या विरोधात उभं राहणारा चौथा माणूस वस्तादच असू शकतो.

हीच गोष्ट इंजेक्शनांची. मेफेंटरमाइन हे रक्तदाब कोसळलेल्या रोग्यासाठीचं औषध आहे. ते व्यायामशाळांतून ताकदीसाठी टोचलं जातं आणि त्यावर महाराष्ट्रात पोलिसांच्या कारवायाही झाल्या आहेत. तालमीतल्या पोराच्या पिशवीत काय आहे हे वस्तादाला कळत नाही, यावर माझा विश्वास नाही.

मुलीही आता मॅटवर येताहेत आणि त्याचा मला फार आनंद आहे. 2023 च्या जानेवारीत देशाच्या नामांकित महिला मल्ल दिल्लीत जंतरमंतरवर बसल्या आणि कुस्ती महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप केले. न्यायालयात जे ठरायचं ते ठरेल. पण ऑलिम्पिक पदक गळ्यात असलेल्या साक्षी मलिकला न्याय मागायला रस्त्यावर बसावं लागतं, तर शिबिरातल्या सोळा वर्षांच्या मुलीनं कोणाला सांगायचं? शिबिरात एक तरी स्त्री प्रशिक्षक किंवा जबाबदार शिक्षिका मुक्कामाला असली पाहिजे. नसेल, तर मुलींचं शिबिर भरवूच नये.

या सगळ्यात मला वारंवार आठवतात ते राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर. ते वस्ताद नव्हते. अंगानं किरकोळ असलेल्या खाशाबा जाधवांना महाविद्यालयाच्या स्पर्धेत उतरू देत नव्हते, तेव्हा त्यांनी परवानगी दिली, असं सांगतात. पुढे 1952 ला हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले तेव्हा याच प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. परत आल्यावर त्यांनी कुस्त्यांची मैदानं भरवली आणि त्या पैशातून खर्डेकरांचं घर सोडवलं. जोखीम घ्यायची होती तेव्हा मोठ्या माणसानं स्वतःचं घर पणाला लावलं. आजच्या किती शिबिरांत जोखीम शिकवणाऱ्याची असते आणि किती ठिकाणी ती पोराच्या मूत्रपिंडावर टाकलेली असते?

7 जानेवारी 2020 ला पुण्यात महाराष्ट्र केसरीच्या अंतिम फेरीत हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके समोरासमोर आले. दोघंही काका पवारांच्या तालमीतले. हर्षवर्धन जिंकला आणि जिंकल्या जिंकल्या त्यानं हरलेल्या शैलेशला खांद्यावर उचलून घेतलं. पवारांनी त्यांना डाव तर शिकवले असतीलच. पण रोजच्या सरावात एकमेकांची मान सांभाळून पटकायचं, जोडीदार जायबंदी झाला तर आपलाच सराव बुडतो, ही समज ज्या तालमीत असते तिथली पोरंच असं वागतात.

शिबिरात पोरगं सोडायला जाणाऱ्या आपल्याकडच्या आई-बापांनी यंदा मायबाप म्हणून हात जोडण्याआधी दोन-चार गोष्टी विचाराव्यात. दुपारी अकरा ते चार सराव बंद असतो का? पाण्याचा माठ हौद्याजवळ भरलेला असतो का, आणि सरावात पाणी प्यायला मुभा असते का? पहिल्या दिवशीचं वजन वहीत लिहून ठेवता का आणि आठवड्यानं पुन्हा बघता का? मान, गुडघा दुखावला तर परतूरला की जालन्याला, कोणत्या डॉक्टरकडे आणि कोणाच्या गाडीतून नेणार? खरा वस्ताद या प्रश्नांनी रागावणार नाही. तो वही काढून दाखवेल.