आश्रित कोण?

आंब्याच्या जुन्या खोडावर करड्या-हिरव्या रंगाचे, कागदाच्या कपट्यांसारखे पापुद्रे चिकटलेले असतात. झाडाला रोग जडला असे समजून कित्येक जण ते खरवडून टाकतात. वनस्पतिशास्त्रात त्यांस शैवाक म्हणतात. त्यांतीलच एक स्वयंपाकघरातील दगडफूल होय. आयुर्वेदाने त्याला शैलेय म्हटले. नावात दगड असला तरी बाजारातील दगडफुलापैकी पुष्कळसे हिमालयातील बांज वृक्षांच्या सालीवरून काढलेले असते.

जो दुसऱ्याच्या अंगावर राहतो तो दुसऱ्याचे खातो, हा समज मनुष्याच्या ठायी फार दृढ आहे. घरात न कमावता राहणाऱ्या नातलगास लोक सहज ‘बांडगूळ’ म्हणतात. बांडगुळाविषयी तो आरोप खरा आहे. ते आपली शोषकमुळे फांदीच्या लाकडात घुसवून झाडाचे पाणी व क्षार ओढते. शैवाकाला मुळेच नाहीत. पाऊस, दव आणि वाऱ्याने आणलेली धूळ यांवर त्याचा योगक्षेम चालतो. झाडाकडे ते मागते ती केवळ बसावयास जागा. शिवाय काही जातींतील नीलहरित जीवाणू हवेतील नायट्रोजन धरून ठेवतात, आणि ते पापुद्रे गळून कुजले की तो त्याच झाडाच्या मुळाशी पोहोचतो. अनेक पक्षी त्यांनी घरटी मढवितात. १८६६ साली पॅरिसच्या लक्झेंबर्ग उद्यानातील शैवाके पाहून न्यूलँडर या शास्त्रज्ञाने नमूद केले की, त्यांच्यावरून हवेची शुद्धता कळते. कोळशाच्या धुरातील गंधकवायूने ती मरतात. म्हणजे ज्याला रोग समजून खरवडले, ते बहुधा निर्मळ हवेचे चिन्ह होते.

परंतु खरा विचार करण्याजोगा भाग शैवाकाच्या आत आहे. १८६७ साली श्वेंडेनर या स्विस पंडिताने सांगितले की, शैवाक ही एक वनस्पती नव्हेच. ती बुरशी व शेवाळ यांची एकत्र वस्ती आहे. त्याने बुरशीला धनी आणि शेवाळाला दास कल्पिले. बुरशी घर बांधते, ओलावा राखते, उन्हापासून रक्षण करते. शेवाळ सूर्यप्रकाशात अन्न शिजविते. उपमा आकर्षक खरी, पण उलटी वाटते. अन्न दासाचे, आणि धनी त्याच्यावाचून निसर्गात क्वचितच जगू शकतो! उलट, त्या शेवाळांच्या कित्येक जाती बुरशीवाचून स्वतंत्रपणे वाढताना दिसतात. २०१६ साली तर कित्येक शैवाकांच्या बाह्य आवरणात किण्वासारखी आणखी एक बुरशी आढळली. दीडशे वर्षे तिची कोणी गणनाच केली नव्हती.

गृहस्थ म्हणतो, मी कमावतो, घर माझ्यावर चालते. त्याचे अन्न कोण शिजविते, त्याच्या आजारपणात कोण जागते, आणि कोपऱ्यात बसलेल्या वृद्ध आत्याच्या भरवशावर कोण मुले टाकून निर्धास्त बाहेर पडतो, हा हिशेब त्याच्या वहीत नसतो. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात चोर म्हटले आहे ते न कमावणाऱ्यास नव्हे. मिळालेले परत न देता एकट्याने भोगणाऱ्यास.

या कसोटीवर शैवाक निर्दोष ठरते. मसाल्याच्या डब्याकडे मात्र पुन्हा पाहावे लागते. शैवाकाची वाढ वर्षाकाठी काही मिलिमीटरच असते. बांजाच्या सालीवरून एका सकाळी खरवडलेले दगडफूल पुन्हा तेवढे होण्यास अनेक पावसाळे लोटावे लागतात.