गोळीच्या बाजारातले गिऱ्हाईक

मक्तेदारी वाईट आणि स्पर्धा चांगली, हे आपण पाढ्यासारखे म्हणतो. सिमेंट, साखर, औषधे यांच्या बाबतीत ते खरेही आहे. पण माल बंदुकीच्या गोळ्यांचा असेल, तर त्या बाजारातही भरपूर स्पर्धा असावी, असे म्हणता येईल का?

अमेरिकेचे उदाहरण घेऊ. गोळी म्हणजे पितळी पुंगळी, तिच्यात दारू, टोकाला शिसे आणि बुडाशी ठिणगी देणारी इवलीशी टोपी, म्हणजे प्राइमर. पुंगळी वेचून पुन्हा भरता येते, शिसे घरी ओतता येते. प्राइमर मात्र कारखान्यातूनच आणावा लागतो. तिथे तो बनवणारी चार मोठी नावे : फेडरल, सीसीआय, रेमिंग्टन आणि विंचेस्टर. २०२० मध्ये रेमिंग्टन दिवाळखोरीत गेली. तिचा गोळ्यांचा धंदा व्हिस्टा आउटडोअरने घेतला. फेडरल आणि सीसीआय आधीपासूनच तिच्या होत्या. म्हणजे चारांपैकी तीन एका घरात. नोव्हेंबर २०२४ मध्ये हे अख्खे घर चेकोस्लोव्हाक ग्रुप या चेक उद्योगसमूहाने सुमारे सव्वादोन अब्ज डॉलर देऊन विकत घेतले. इटलीची फिओकी त्याच्याकडे होतीच. या सौद्यावर अमेरिकेत गाजलेला आक्षेप होता तो मालक परदेशी असण्याचा.

मक्तेदार माल कमी काढतो आणि भाव चढवतो, असे अर्थशास्त्र सांगते. मग कुणी म्हणेल, बरेच झाले की! गोळी महागली, माणसे कमी मरतील. युक्तिवाद लोभस आहे, पण मला तो पटत नाही. खुन्याला चार-सहा गोळ्या पुरतात, भावाने त्याचा हात अडत नाही. अडतो तो सरावाला शेकडो गोळ्या झाडणारा नेमबाज. मक्तेदाराच्या नफेखोरीला सद्सद्विवेक समजण्याचे कारण नाही.

स्पर्धेचा कायदा तरी काय विचारतो? गिऱ्हाइकाचे नुकसान झाले का? साखर घेणाराच साखर खातो, म्हणून तिथे हा प्रश्न पुरतो. गोळी मात्र घेणाऱ्याकडे संपत नाही. ती ज्याच्या छातीत जाते त्याने कधी भाव विचारलेला नसतो, पावती घेतलेली नसते. तो या बाजारात नसतोच.

जुन्या फकीहांनी इथे दोन सवाल वेगळे ठेवले होते. माल दाबून भाव चढवणे, म्हणजे इहतिकार, त्यांनी निषिद्ध मानले. इमाम अबू यूसुफ यांनी तर ते धान्यापुरते न ठेवता, जी वस्तू अडवल्याने लोकांना इजा होते तिलाही लावले. दुसरीकडे, फितन्याच्या काळात फसादी माणसाला, तो कोण आहे हे ठाऊक असताना, हत्यार विकणे गैर ठरवले. त्या दुसऱ्या सवालात भाव येतच नाही. स्वस्त विकले काय, महाग विकले काय, आधी घेणारा कोण ते बघ.

अमेरिकेतही हा दुसरा सवाल एकेकाळी दुकानाच्या गल्ल्यावर विचारला जाई. १९६८ च्या कायद्याने गोळ्या कोण नेतो याची नोंद दुकानदाराला ठेवावी लागे. १९८६ मध्ये काँग्रेसने साध्या गोळ्यांपुरती ती वही बंद केली. त्यानंतर कारखान्यांचे मालक बदलत गेले, प्रत्येक बदलाच्या वेळी भाव, पुरवठा आणि देशाची सुरक्षितता यांवर वाद झाले. ती वही पुन्हा उघडायची की नाही, हा प्रश्न त्या सौद्यांच्या टेबलावर येण्याचे कारणच नव्हते.