अंतर कोणापासून?

संत पौलाने कलस्सैकरांना पत्र लिहिले, तेव्हा तेथील अनेक श्रद्धावंतांनी त्याचे तोंडही पाहिलेले नव्हते. हे पत्र पुढे लावदिकीयाच्या मंडळीतही वाचले जावे, अशी त्याची सूचना होती. ख्रिस्तसभेत शिकवण अशी आरंभापासून दुरूनही पोहोचत आली आहे. तरीही घरी राहून ईशज्ञान शिकता येते असे कोणी म्हटले, की मनात शंका उभी राहते. विद्या टपालाने येईल. मेंढपाळाचे मन टपालाने येईल काय?

ही शंका निराधार नाही. ट्रेंटच्या महासभेने १५६३ साली धर्मप्रांतांना सेमिनरी उभारण्याचा आदेश दिला, तो धर्मगुरूंच्या जडणघडणीच्या काळजीपोटीच. एकत्र प्रार्थना, एकत्र भोजन, वडीलधाऱ्यांची नजर आणि सोबत्यांची परखड वाणी यांतून माणूस घडतो. घरी एकट्याने अभ्यास करणाऱ्याला त्याच्या अहंकाराची जाणीव कोण करून देणार?

याच प्रश्नाची दुसरी बाजू चारशे वर्षांनी ग्वाटेमालात पुढे आली. तेथील प्रेस्बिटेरियन सेमिनरी राजधानीत होती. खेड्यांतून आलेल्या तरुणांपैकी अनेकजण शिकल्यावर खेड्यांकडे परतत नसत. आणि ज्यांच्या खांद्यांवर गावातली मंडळी उभी होती, त्या प्रौढांना शेती-संसार सोडून शिकायला जाणे शक्य नव्हते. तेव्हा १९६३ पासून राल्फ विंटर, जेम्स एमरी आदी शिक्षकांनी विद्यालयच त्यांच्याकडे नेले. विद्यार्थ्याने घरी अभ्यास करावा, मंडळीत सेवा करावी आणि ठरलेल्या दिवशी जवळच्या केंद्रावर शिक्षकांना भेटून चर्चा करावी, अशी ती रीत होती. भारतातील प्रॉटेस्टंट मंडळ्यांत तिच्या प्रसारासाठी १९७१ साली 'टाफ्टी' ही संस्था स्थापन झाली. टेड वॉर्ड या शिक्षणतज्ज्ञाने या रीतीला कुंपणाची उपमा दिली. अभ्यास आणि सेवा हे दोन आडवे वासे. त्यांना तोलून धरणारे खांब म्हणजे प्रत्यक्ष भेटी. खांब काढले, की वासे जमिनीवर येतात.

म्हणजे 'दूरशिक्षण' म्हणताना अंतर कोणापासून, हे आधी विचारायला हवे. सेमिनरीतला विद्यार्थी गुरूजवळ असतो, पण कळपापासून दूर. घरी शिकणारा कळपात असतो, पण गुरूपासून दूर. दोघांनाही एक वाट चालायची आहे. घरी शिकणाऱ्याचा अहंकार तर त्याचे शेजारीच ओळखतात. प्रेमावरचा पाठ त्याने कितीही सुरेख लिहिला, तरी त्याने मजुराची मजुरी थकवली आहे, हे गावाला ठाऊक असते. ही परीक्षा कोणत्याही वर्गात घेता येत नाही.

आपल्या परंपरेत धर्मगुरूंची घडण सेमिनरीतच होईल, आणि ते योग्यच आहे. परंतु १९८३ च्या धर्मसंहितेने प्रापंचिकांनाही आपापल्या कुवतीनुसार ख्रिस्ती शिकवणीचे ज्ञान मिळवण्याचे कर्तव्य आणि हक्क दिला आहे. दिवसभर नोकरी करून रविवारी मुलांना धर्मशिक्षण देणाऱ्या भगिनीने तो हक्क कोठे बजावायचा? तिच्या हाती नुसती पुस्तके देऊन आपले कर्तव्य संपत नाही. तिच्या शंका ऐकायला कोणीतरी नियमाने जायला हवे.

प्रभूने बारा जणांना निवडले ते आपल्याजवळ राहण्यासाठी, आणि पाठवण्यासाठीही. जे शिक्षण यांतील एकच अर्धे देते, ते जवळचे असो वा दूरचे, अपुरेच राहते.