देव नदी ओलांडतो तेव्हा

जुन्या गोव्याच्या धक्क्यावर सायकल फेरीबोटीत चढवली की मांडवीपलीकडे दिवाडी बेट लागते. खाजनशेतीच्या बांधांमधून जाणारा रस्ता बेटाच्या दुसऱ्या टोकाला नार्व्याला पोचतो. तिथे पुन्हा फेरीबोट, आणि पैलतीरावर डिचोली तालुक्यातले दुसरे नार्वे. कदंब राजांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर याच वाटेने परागंदा झाले. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी बेटावरचे देऊळ पाडले, तेव्हा भक्तांनी लिंग पोर्तुगीज अमलाबाहेर, पैलतीरी नेले. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. मग पावित्र्य जागेत असते की ते जपणाऱ्या माणसांत?

माझ्या मते माणसांत, आणि त्याचा पुरावा आपल्या पूजाविधीतच आहे. आवाहन केल्याशिवाय मूर्तीत देव नाही आणि विसर्जनानंतर तो तिथे उरत नाही. मातीच्या गणपतीबाबत हे आपण दरवर्षी करतो. यावर रास्त आक्षेप असा, की मग तीर्थक्षेत्रांना अर्थ काय? लिंग नेता आले, पण बेटावरचे कोटितीर्थ तळे कोण उचलून नेणार? ते आजही तिथेच आहे. आक्षेपात तथ्य आहे, पण त्याने जागेची स्वयंभू सत्ता सिद्ध होत नाही. कुंकळ्ळीची शांतादुर्गा फातर्प्याला गेली, तरी दरवर्षी तिची मिरवणूक छत्र्यांसह जुन्या गावी येते आणि गावातली ख्रिस्ती घराणीही त्यात सहभागी होतात. धर्म बदलला, देवी गेली, तरी नाते तुटले नाही, कारण माणसांनी येणे-जाणे मोडले नाही. जागा पवित्र राहते ती अशा येण्या-जाण्यामुळे. दिवाडीच्या टेकडीवर चर्चशेजारच्या दफनभूमीत एका जुन्या देवळाचे कोरीव दगडी काम अजून शाबूत आहे. ते टिकले, कारण तिथली प्रार्थना थांबली नाही, फक्त बदलली.

दुसरा आक्षेप सायकलवरच्या माणसावर: तो हौशी प्रवासी, यात्रेकरू नव्हे. मान्य. पुण्य त्याच्या पदरी पडेल असा दावा मी करत नाही. पण गाडीने डिचोलीकडून थेट गेलेल्याला देऊळ दिसते, त्याचे स्थलांतर दिसत नाही. पायडल मारत बेट ओलांडणाऱ्याला आणि दोनदा फेरीची वाट पाहणाऱ्याला ते अंतर अंगाने कळते, आणि श्रद्धा म्हणजे नुसते मत नसून वाहून नेलेले ओझेही असते, हे त्याला पटू शकते. म्हणून नार्व्याच्या सप्तकोटेश्वराला जायचे असेल, तर दिवाडीवरून जा आणि आधी कोटितीर्थावर थांबा.