कणगीतलं जेवण

धारूरच्या किल्ल्याखालच्या जुन्या गल्ल्यांत किंवा आसपासच्या वाड्या-तांड्यांवर, मांजराला काय घालता असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: दुधात कुस्करलेली भाकरी. आजीनं तेच घातलं, तिच्या आजीनंही तेच, आणि मांजरं जगली. मात्र ती त्या भाकरीवर जगली नाहीत. घरात ज्वारीची कणगी होती, बळद होतं, परड्यात कडब्याची गंज होती. तिथले उंदीर हेच मांजराचं जेवण होतं. दूध-भाकरी हा वरचा लाड. आता कणगीच्या जागी पत्र्याची कोठी आली, भिंती सिमेंटच्या झाल्या, सोयाबीन तर घरात न येता थेट आडतीवर जातं. जेवण गेलं, लाड तेवढा उरला, आणि त्यालाच आपण जेवण समजू लागलो.

मांजर अस्सल मांसाहारी प्राणी आहे; ही त्याची आवड नव्हे, शरीराची घडण आहे. टॉरिन नावाचं एक द्रव्य माणसाच्या शरीरात तयार होतं, मांजराच्या शरीरात ते पुरेसं होत नाही. ते मांसातूनच मिळावं लागतं. नाही मिळालं तर डोळ्याचा पडदा झिजतो आणि हृदय फुगून दुबळं होतं. यातलं हृदयाचं दुखणं 1987 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' नियतकालिकात मांडलं. त्यांनी तपासलेली आजारी मांजरं उपाशी नव्हती, तयार खाण्यावर पोसलेली होती. टॉरिन दिल्यावर बऱ्याच मांजरांची हृदयं सुधारली, आणि त्यानंतर कंपन्यांनी खाण्यातलं टॉरिन वाढवलं. पोट भरणं आणि पोषण होणं यांत एवढं अंतर असू शकतं.

दुधाचंही तेच. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही. घरात कुठंतरी पातळ घाण सापडली की मांजराला हाणलं जातं. दुधाची वाटी मात्र चालूच राहते. बालाघाटच्या डोंगरातल्या सीताफळाला मांजर ढुंकूनही बघत नाही, कारण गोडाची चव त्याला कळतच नाही. भाकरी, भात, बिस्किट यांची ओढ आपली आहे.

मग द्यायचं काय? चिकनच्या दुकानात कोंबडीचं हृदय, पोटा, कलेजी स्वस्तात मिळते. हृदयात टॉरिन भरपूर. कलेजी मात्र चवीपुरतीच, रोज पोटभर दिली तर 'अ' जीवनसत्त्व अति होऊन हाडं बिघडतात. हे सगळं नुसत्या पाण्यात शिजवावं आणि ते पाणी फेकू नये, कारण शिजताना टॉरिन पाण्यात उतरतं. निवल्यावर तेच तुकड्यांवर ओतावं. आपल्या कालवणातला तुकडा धुऊनही घालू नये. कांदा-लसणानं मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शिजलेलं हाड टोकदार फुटतं, तेही नको. आणि नुसत्या बिनहाडाच्या मांसात कॅल्शियम फारच कमी असतं, म्हणून रोजचा आधार पाकिटातल्या खाण्याचाच असावा. पाकीट मांजराचं हवं, कुत्र्याचं नव्हे. त्यावर 'संपूर्ण आहार' असं लिहिलेलं असावं आणि ते पिल्लाचं की मोठ्याचं हे पाहून घ्यावं. कोरडं खाणं दिलं की पाणी भरपूर ठेवावं. बोका मुतायला बसून नुसता कुंथत असेल तर थांबू नये, त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरकडे न्यावं.

माळकरी घरांची अडचण मला समजते आणि त्या व्रताचा आदरही वाटतो. पण माळ आपल्या गळ्यात आहे, मांजराच्या नाही. चुलीवर मांस शिजवायचं नसेल तर अंगणात पाकिटातलं खाणं देता येतं. तेही नको असेल तर मांजर पाळू नये, असं मला स्पष्ट वाटतं.

दसरा झाला की धारूर तालुक्यातली कितीतरी घरं ऊसतोडीला निघतात. मागं म्हातारी माणसं राहतात, कुठं शाळेतलं नातवंड, आणि मांजर. जाताना पीठ-मीठ, गोळ्या-औषधं भरून ठेवली जातात. त्यातच परवडेल तेवढं मांजराचं खाणंही ठेवावं, आणि आईला सांगून जावं: दूध नातवाला दे, मांजराच्या वाटीत पाणी.