सालदाराचे डोळे

यवतमाळ जिल्ह्याच्या दिग्रस तालुक्यातल्या एका गावात एक कास्तकार राहत होता. पंधरा एकर कपाशी, मधे तुरीच्या ओळी, ट्रॅक्टर आणि एक देखणी बैलजोडी. माणूस हिशेबी. ट्रॅक्टरचा विमा त्यानं कधी चुकवला नाही. बैलांच्या कानात विम्याचे बिल्ले होते. पीकविमाही मुदतीआधी भरलेला असायचा.

गुढीपाडव्याला ओसरीवर सालदाराचं नवं साल ठरत होतं. सालदार दोन हजार वाढवून मागत होता, मालक मान हलवत होता. ही घासाघीस दर पाडव्याची, त्यात नवल नाही.

शेजारी बसलेली मालकाची मुलगी मोबाइलवर वाचता वाचता हसली. "बाबा, 2006 साली बेकहॅम नावाच्या फुटबॉलवाल्यानं पायांचा विमा काढला म्हणे, 10 कोटी पौंडांचा!"

"पैसा जास्त झाला की मानसाले असंच सुचते," मालक म्हणाला.

"आणि हा बघा, मूकपटातला बेन टर्पिन. तिरळ्या डोळ्यांवरच लोक हसायचे, म्हणून डोळे सरळ झाले तर भरपाई मिळावी असा त्याचा विमा होता. 1940च्या दशकात बेटी ग्रेबल नावाच्या नटीच्या पायांचा दहा लाख डॉलरचा."

सालदारही हसला. तूर निवडत बसलेली मालकाची म्हातारी माय तेवढी हसली नाही.

"त्या बाईच्या पायाचा विमा कोनं काढला?"

"तिच्या स्टुडिओनं, आजी. जाहिरात झाली, आणि तिच्या पायांवर सिनेमेही चालत होते ना."

"मंग बराबर हाये. ज्याचा धंदा त्या पायावर, त्यानंच पैसे भराव." म्हातारीनं मुलाकडे पाहिलं. "आपल्या फवारनीचा पंप कोनाच्या पाठीवर असते रे?"

मालक गप्प बसला.

यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. 2017च्या पावसाळ्यात कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. दोन-तीन औषधं एकत्र कालवून, तोंडाला नुसता रुमाल बांधून लोक फवारत होते, आणि फवारा उलटून तोंडावर, डोळ्यांत येत होता. जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. कित्येकांना काही दिवस दिसेनासं झालं होतं.

"पन आता सरकारची योजना हाये," मालक म्हणाला. "फवारताना विषबाधा झाली तरी पैसे भेटतात."

"ती गोपीनाथ मुंडे योजना, बाबा," मुलगी म्हणाली. "ती सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एकाला. यांच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही."

म्हणजे पंप न उचलणाऱ्याचे डोळे सुरक्षित, उचलणाऱ्याचे उघडे. योजना लिहिणाऱ्यांच्या हे ध्यानात आलं नसेल असं मानणं मला जड जातं.

"बैल मेला तर दुसरा आनता येते," म्हातारी म्हणाली. "याचे डोये कोन्या बजारात भेटतात? कोन किती मोठा ते नोको पाहू. कोनाच्या हातापायावर किती पोटं भरतात ते पाहाय. याच्या डोयावर दोन घरं चालतात, त्याचं अन् आपलं."

दुसऱ्या दिवशी मालक सालदाराला घेऊन दिग्रसला गेला. आधी कृषी केंद्रातून मास्क, चष्मा आणि हातमोजे घेतले. मग बँकेत जाऊन प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा अर्ज भरला. वर्षाचा हप्ता 20 रुपये. अपघातात मृत्यू आला किंवा दोन्ही डोळे, दोन्ही हात वा दोन्ही पाय कायमचे गेले तर 2 लाख, एक डोळा किंवा एक हात वा पाय गेला तर 1 लाख. वीस रुपये मालकानं दिले. दोन हजारांची वाढ मात्र काही दिली नाही, एक हजारावर जमलं.

ज्यांच्याकडे सालदार आहे त्यांनी एवढं लक्षात ठेवावं: 18 ते 70 वयाच्या बँक खातेदाराला हा विमा मिळतो, त्याचं वर्ष 1 जूनला सुरू होतं आणि हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो. त्या वेळी खात्यात वीस रुपये नसतील, तर विमा बंद पडतो.